शालेय सांख्यिकी : मांडणी झाली, वाचन राहिले

गणिताच्या शालेय अभ्यासक्रमात गेल्या अर्धशतकात जी नवी प्रकरणे दाखल झाली, त्यांपैकी सामग्रीचे संकलन, वर्गीकरण, आलेखन आणि अर्थनिर्णयन या प्रकरणाइतके निर्विवाद स्वागत क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले असेल. संचांच्या परिभाषेवरून वाद झाले, भूमितीतील सिद्धता किती ठेवाव्यात यावर अजूनही दोन तट आहेत. परंतु नागरिकाला आकड्यांचा तक्ता वाचता आला पाहिजे, वर्तमानपत्रातील आलेख उमगला पाहिजे आणि सरासरीच्या नावाखाली कोणी त्याची दिशाभूल करू पाहील तर ती त्याच्या ध्यानात आली पाहिजे, याविषयी शिक्षणतज्ज्ञ, पालक आणि सरकार या सर्वांचे एकमत आहे. इतके एकमत ज्या विषयावर असते त्याची प्रत्यक्ष वर्गात काय अवस्था होते, हे मात्र पाहण्याजोगे असते. दहावीच्या विद्यार्थ्याला विचारले तर सांख्यिकी हे ‘हमखास गुणांचे प्रकरण’ आहे असे तो सांगेल, आणि त्याचे म्हणणे खोटेही नाही. सूत्र पाठ असले, सारणीचे रकाने नीट आखले आणि पेन्सिलीला टोक असले की गुण कोठे जात नाहीत. त्याच विद्यार्थ्याने काढलेल्या आयतालेखावर बोट ठेवून ‘हा काय सांगतो?’ असे विचारावे, तर तो बहुधा कोपऱ्यात लिहिलेले प्रमाण वाचून दाखवतो: क्ष-अक्षावर एक सेंटिमीटर म्हणजे दहा एकक. मांडणी हाती लागली आणि वाचन राहून गेले, ते कोठे व कशामुळे, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

अभ्यासक्रमाची चौकट पाहू जाता तिच्यात मोठे वैगुण्य दिसत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात सामग्री हाताळण्याचे स्वतंत्र प्रकरण आले. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या गेल्या दशकातील पुस्तकांत पाचवीला चित्रालेख, सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित व शतमान स्तंभालेख, नववीला प्राथमिक आणि दुय्यम सामग्रीचा भेद व वर्गीकृत वारंवारता सारणी, आणि दहावीला वर्गीकृत सामग्रीचे मध्य, मध्यक व बहुलक, शिवाय आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख, असा क्रम लावलेला आहे. क्रम सुबक आहे, परिभाषा नेटकी आहे, उदाहरणेही शेती, पाऊस, पगार, वाहने अशी ओळखीची आहेत. आक्षेप एवढाच, की प्रत्येक इयत्तेला एक नवा आलेखप्रकार मिळतो, पण नवा प्रश्न मिळत नाही. आणि सामग्री जवळजवळ नेहमी तयार, स्वच्छ, निवडून पाखडून ठेवलेली अशी मिळते. ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या अडचणींतून गोळा केली, याचा मागमूस उदाहरणात नसतो.

वास्तविक आकड्यांचा हा व्यवहार आपल्याकडे परका नाही, आणि जेथे तो जन्मला तेथे तो गरजेपोटीच जन्मला होता. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२) खातव्यवहार म्हणून खड्ड्यांच्या घनफळाचे प्रकरण आहे. बाजू तिरक्या असल्यामुळे ज्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी दहा, अकरा व बारा हात, रुंदी सहा, पाच व सात हात आणि खोली दोन, चार व तीन हात भरते, त्याचे घनफळ काय, असे उदाहरण तेथे घातले आहे. प्रत्येक मापाची बेरीज करून तिला स्थानांच्या संख्येने भागले म्हणजे अकरा, सहा आणि तीन ही सममापे मिळतात आणि घनफळ १९८ घनहस्त येते. पुढे चारशे वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ, म्हणजे ग्रहलाघवकर्ते, यांनी बुद्धिविलासिनी या आपल्या टीकेत नेमक्या याच जागी एक मार्मिक पुस्ती जोडली: मापे जितक्या अधिक ठिकाणी घ्यावीत तितके सममाप खऱ्याच्या अधिक निकट जाते आणि हिशेब अधिक बिनचूक होतो. संख्याशास्त्रातील एका पायाभूत तत्त्वाचा हा इतका जुना आणि इतका सहज उच्चार आहे, की शालेय पुस्तकात त्याला अद्याप जागा मिळू नये याचे आश्चर्य वाटते. भास्कराचार्यांचा विद्यार्थी सरासरी शिकतो ती खड्डा ओबडधोबड असल्यामुळे. आमचा विद्यार्थी ‘एकूण बेरीज भागिले एकूण संख्या’ हे वाक्य आधी शिकतो आणि खड्डा त्याला कधी दिसतच नाही.

आकडे गोळा करणे हे राज्यकारभाराचेही काम होते. घरे, माणसे, गुरे यांची खानेसुमारी, गावाची जमाबंदी, पिकांची पाहणी यांनी जुनी दप्तरे भरलेली आहेत. इंग्रजी अमदानीत १८७२ ला पहिली आणि १८८१ ला देशभर एकाच वेळी झालेली जनगणना आली. परंतु आकडे हे सरकारापुढे मांडण्याचे रयतेचेही साधन होऊ शकते, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७८ च्या दुष्काळात दाखवून दिले. गावोगावच्या माणसांकडून पीक, पाणी, भाव, गुरे आणि स्थलांतर यांची माहिती मागवून तिचे वृत्तांत सभेने सरकारकडे धाडले. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या या गृहस्थाने पिकांच्या आणि किमतींच्या सरकारी आकड्यांवरूनच माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये काढले. पण तेवढ्यावर न थांबता ते तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी ठेवले, आणि शिवाय असे बजावले की ही सरासरी आहे, तीत धनिकांचा वाटाही धरलेला आहे, म्हणून गरिबाच्या हाती एवढेही पडत नाही. संकलन, गोषवारा, तुलना आणि सरासरीच्या मर्यादेची जाणीव, या साऱ्या पायऱ्या त्या एका निबंधात आहेत. नववीच्या ‘दुय्यम सामग्री’ या मथळ्याखाली याहून समर्पक उदाहरण मला सुचत नाही.

आलेखांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आणि बराचसा युरोपातला. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये आपल्या व्यापारविषयक चित्रसंग्रहात कालानुसार चढउतरत जाणाऱ्या रेषा काढल्या. स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते, रेषा काढायला दुसरे वर्षच नव्हते, तेव्हा निरुपायाने त्याने देशवार पट्ट्या काढल्या आणि अशा रीतीने स्तंभालेख जन्माला आला. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ मधला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले हे पाकळ्यांसारख्या आकृतीने मंत्र्यांच्या गळी उतरवले. प्लेफेअरची कथा मी विशेष महत्त्वाची मानतो, कारण आलेखाचा प्रकार सामग्रीच्या स्वरूपातून आणि तिच्या उणिवेतून ठरतो ही गोष्ट तीत उघड होते. आणि आमच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील सामग्रीवरून स्तंभालेख काढा’ असे म्हणून हा निर्णय आधीच विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतलेला असतो.

आता मांडणीच्या पहिल्या पायरीकडे, म्हणजे वर्गीकरणाकडे, वळू. ताळ्याच्या खुणा करायला मुले एका तासात शिकतात. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, यात शिकवण्यासारखे थोडेच. खरी अडचण त्या खुणा कोणत्या रकान्यात करावयाच्या ही आहे. पाचवीच्या वर्गात ‘आज सकाळी काय खाऊन आलात?’ एवढाच प्रश्न टाकून पाहावा. पोहे, उपमा, भाकरी ही उत्तरे सरळ आहेत. पण कोणी चहा-चपाती सांगतो, कोणी चहा-बटर, कोणी रात्रीचा भात फोडणी देऊन, कोणी शाळेच्या दारात घेतलेला वडापाव. आणि दोघेतिघे काहीच बोलत नाहीत. चहा-चपाती चहात घालावी की चपातीत? रात्रीचा भात ‘शिळे’ या रकान्यात जावा की ‘भात’ या रकान्यात? घरचे आणि बाहेरचे असे दोनच रकाने केले तर काय दिसेल आणि काय लपेल? या प्रश्नांवर मुले हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणातच त्यांना कळते की रकाने निसर्गाने आखलेले नसून आपल्या प्रश्नासाठी आपण आखलेले असतात. जी मुले गप्प राहिली त्यांच्यासाठी ‘काही नाही’ असा रकाना हवा, आणि तो नाव न घालता चिठ्ठीवर भरून घ्यायला हवा, हे शिक्षकाला सुचले तर सामग्रीच्या नीतीचा पहिला धडाही तेथेच झाला. हे सारे ज्या पुस्तकात ‘आवडते फळ’ आणि ‘आवडता रंग’ यांच्या तयार याद्या देऊन उरकले जाते, ते पुस्तक मुलांना मोजायला शिकवते, वर्गीकरण करायला शिकवत नाही.

पुढच्या इयत्तांत हीच गोष्ट वर्गांतराच्या रूपाने येते. समावेशक वर्गांतून अर्धा वजा करून आणि अर्धा मिळवून वर्ग सलग कसे करावेत हे विद्यार्थ्याला येते. वर्ग दहाचे का घेतले, पाचाचे घेतले असते तर काय झाले असते, हे त्याला कोणी विचारत नाही. उत्तीर्णतेची रेषा पस्तिसावर असलेल्या एखाद्या परीक्षेचे गुण ३०-३९ अशा वर्गात टाकले तर आयतालेख गुळगुळीत आणि सज्जन दिसतो. तेच गुण ३०-३४ आणि ३५-३९ असे मांडले, तर पुष्कळदा पहिला आयत खुजा आणि दुसरा एकदम उंच निघतो, आणि चौतीस गुण मिळवणारी माणसे जगात इतकी दुर्मीळ का असावीत असा प्रश्न परीक्षकांच्या कनवाळूपणाकडे पाहून पडतो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण द्यावे. ते हसतील, आणि वर्गांतर हा आकडेवारीवर घातलेला चष्मा आहे हे पुन्हा विसरणार नाहीत.

आलेखनाच्या बाबतीत आपल्या शाळांची मेहनत मोठी आहे आणि ती बरीचशी सुबकतेवर खर्च होते. स्तंभालेखात दोन स्तंभांत जागा सोडतात आणि आयतालेखात सोडत नाहीत, एवढा फरक प्रत्येकाला ठाऊक असतो. पहिल्यात क्ष-अक्षावर सुट्या गोष्टींची नावे आहेत, दुसऱ्यात एक अखंड मोजपट्टी आहे, आणि म्हणून दुसऱ्यात रुंदीलाही अर्थ आहे, हे कारण फार थोड्यांना. वर्गांतरे असमान असली की उंचीऐवजी क्षेत्रफळ वारंवारतेच्या प्रमाणात हवे, हा मुद्दा त्यामुळे अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटतो. मुळाजवळ नागमोडी खूण करून अक्ष आखडता घेण्याची रीत पुस्तकात आहे, पण उभा अक्ष असाच आखडला तर किरकोळ फरक डोंगराएवढा दिसू लागतो आणि जाहिरातदार नेमके तेच करतात, हा इशारा नाही. वृत्तालेखाचे अंश काढण्यात दहावीचे दोन तास जातात. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले की समान मोजपट्टीवरील स्थान माणसाचा डोळा सर्वांत अचूक ओळखतो, कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज मात्र त्याला नीट येत नाही. म्हणजे ज्या आकृतीवर आपण अधिक वेळ देतो तीच वाचायला अधिक अवघड आहे. वृत्तालेख काढू नये असे माझे म्हणणे नाही. एकूणाचे भाग दाखवायला तो ठीक आहे. पण त्याच सामग्रीचा स्तंभालेख शेजारी काढून कोणत्यात काय चटकन दिसते याची तुलना झाल्याशिवाय तो शिकवला असे म्हणता येणार नाही.

उलट एक अतिशय सोपी रीत आमच्या पुस्तकांनी दुर्लक्षिली आहे. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७७ च्या आपल्या ग्रंथात खोड आणि पाने अशी एक मांडणी सर्वतोमुखी केली. वर्गातील मुलांच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये घ्याव्यात. उभी रेघ मारून डावीकडे १३, १४, १५ असे आकडे एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकाच्या उंचीचा शेवटचा अंक त्या त्या ओळीत उजवीकडे मांडत जावा. १४१, १४१, १४६ असतील तर १४ समोर १, १, ६. पाच मिनिटांत आडवा आयतालेख तयार होतो, आणि एकही मूळ संख्या हरवत नाही; प्रत्येक मुलाला आपला अंक त्यात सापडतो, मध्यक बोटाने मोजून काढता येतो. आलेखकागद लागत नाही, प्रमाण लागत नाही, फळा आणि खडू पुरतात. ज्या शाळांत आलेखकागदाचाही तुटवडा असतो त्यांना याहून सोयीची गोष्ट कोणती? आणि आकृती काढल्यावाचून नुसत्या सारांशसंख्यांवर विश्वास ठेवू नये, हे पटवायला फ्रान्सिस अँस्कोम्बने १९७३ मध्ये रचलेले चार संख्यासमूह आहेत: प्रत्येकात अकरा जोड्या, चारही समूहांत मध्य आणि सहसंबंध जवळजवळ तेच, पण कागदावर बिंदू मांडले की एक तिरकस सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एकच बिंदू फटकून वर गेलेला आणि चौथ्यात एका बिंदूखेरीज सगळे एका उभ्या रेषेवर. कनिष्ठ महाविद्यालयात हे एका तासाचे काम आहे.

सरासरीवर मात्र रेंगाळायला हवे, कारण या प्रकरणातील सर्वांत अधिक शिकवलेली आणि सर्वांत कमी समजलेली गोष्ट तीच आहे. जॅन मोक्रोस आणि सुसान जो रसेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना बटाट्याच्या वेफर्सच्या पुड्यांची सरासरी किंमत सांगून प्रत्येक पुडीवर किंमत लिहायला लावले. ज्यांना सूत्र येत होते तीच मुले पुष्कळदा अडखळली. कोणी सर्वांवर तीच किंमत लिहिली, कोणी सरासरी म्हणजे अधिकात अधिक वेळा येणारी संख्या असे धरले, आणि सूत्र न शिकलेल्या काही मुलांनी थोडे वर, थोडे खाली असा समतोल साधत समजूतदारपणे काम केले. त्याआधी, १९८१ मध्ये, पोलॅट्सेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही असे आढळले होते, की लहानमोठ्या दोन गटांच्या सरासऱ्या दिल्या असता बरेचसे विद्यार्थी त्या दोन संख्यांचीच पुन्हा सरासरी काढून मोकळे होतात. साठ मुलांची तुकडी आणि वीस मुलांची तुकडी यांना समान मान देण्याची ही चूक आपल्याकडील निकालपत्रकांतही अपरिचित नाही.

यावरचा उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. तो प्रत्येक वर्गशिक्षकाच्या टेबलावर हजेरीपत्रकाच्या रूपाने पडलेला असतो. समजा, पटावर ३८ मुले आहेत आणि एका आठवड्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत उपस्थिती ३५, ३४, ३६, १९, ३४, ३४ अशी आहे. बेरीज १९२, सहाने भागता सरासरी उपस्थिती ३२. महिनाअखेरीस याच रीतीचा आकडा गुरुजी कार्यालयाला कळवतात आणि तो बिनचूकच असतो. परंतु नेमकी ३२ मुले त्या आठवड्यात एकाही दिवशी वर्गात नव्हती. मध्यक काढला तर ३४, बहुलकही ३४, आणि ते दोन्ही वर्गाच्या नित्याच्या स्थितीचे चित्र अधिक खरे उमटवतात. मग सरासरी निरुपयोगी म्हणावी काय? तसेही नाही, कारण दुपारच्या भोजनाला आठवडाभराचे तांदूळ किती लागतील हे सरासरीच सांगेल, मध्यक सांगणार नाही. आणि या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे तो गुरुवारचा १९. तो आकडा चूक म्हणून खोडावयाचा नसतो, त्याला कारण विचारावयाचे असते. गुरुवारी गावचा बाजार भरतो हे मुलांना ठाऊक असते, पुस्तकाला नसते.

हेच मोठ्या पटावर पाहायचे तर सातारा जिल्ह्याचा पाऊस घ्यावा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात भिजते. पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी माणसे समाधान मानतात. या जिल्ह्याच्या सरासरी पर्जन्यमानाचा आकडा सरकारी तक्त्यात दिमाखाने बसलेला असतो, आणि त्या आकड्याएवढा पाऊस ना महाबळेश्वरकराने अंगावर घेतलेला असतो ना माणमधल्या दहिवडीकराने. मध्याबरोबर विस्तार शिकवला नाही तर मध्य शिकवणे अर्धवट राहते, ही गोष्ट एवढ्या एका उदाहरणाने सिद्ध व्हावी.

वाचनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेखवाचनाच्या तीन पातळ्या सांगितल्या आणि त्यानंतरच्या संशोधनाने त्या बहुशः मान्य केल्या: आलेखात जे लिहिले आहे ते वाचणे, आलेखातील गोष्टींचा परस्परसंबंध वाचणे, आणि आलेखाच्या पलीकडचे वाचणे. हजेरीच्या उदाहरणात गुरुवारी किती मुले आली हा पहिल्या पातळीचा प्रश्न. बुधवारपेक्षा ती सतराने कमी होती हा दुसऱ्या. पुढल्या गुरुवारी किती येतील, आणि बाजाराचा दिवस बदलला तर काय होईल, हा तिसऱ्या पातळीचा. आमच्या स्वाध्यायांत पहिल्या पातळीचे प्रश्न भरपूर, दुसऱ्याचे बेताचे आणि तिसऱ्याचे जवळजवळ नाहीतच. याचे कारण उघड आहे: तिसऱ्या पातळीच्या प्रश्नाला एकच उत्तर नसते, आणि ज्याला एकच उत्तर नाही त्याला गुण कसे द्यावेत ही चिंता गणिताच्या परीक्षकाला भेडसावते. डेव्हिड मूर आणि जॉर्ज कॉब यांनी १९९७ मध्ये हाच भेद स्पष्ट केला होता, की गणित संदर्भ गाळून आकृतिबंध उरवते, तर संख्याशास्त्रात संदर्भ गाळला की अर्थच उरत नाही. गणिताच्या शिक्षकाकडून आपण त्याच्या सवयीच्या उलट काम करून घेऊ पाहत आहोत, हे मान्य करणे न्यायाचे होईल.

नमुनानिवडीचा विषय शाळेत जवळजवळ वर्ज्य आहे, आणि तो तसा असावा याचे मला वैषम्य वाटते, कारण त्या क्षेत्रात या देशाचे आणि या प्रांताचे कर्तृत्व असामान्य आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाच्या उताऱ्याचा अंदाज घेण्यासाठी कापणी प्रयोगांचे शास्त्र उभे केले. आणि या दोघांत शेतातील किती मोठा तुकडा कापावा यावरून जो वाद झाला, तो आठवीच्या मुलालाही समजण्याजोगा आहे. तुकडा फार लहान घेतला तर कडेवर उभी असलेली ताटे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न वारंवार येतो, कापणारा ती बहुधा आत धरतो, आणि उतारा खऱ्यापेक्षा अधिक निघतो, असे सुखात्म्यांनी दाखवले. शाळेच्या मैदानात दोरीचा एक हाताचा आणि पाच हातांचा चौकोन टाकून त्यातील गवताची झुडपे मोजायला लावावीत. कडेवरच्या झुडपांवरून वाद झाल्याशिवाय राहणार नाही. पिकाच्या उताऱ्यावरून ठरणारी पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे दुष्काळी स्थिती मानण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली, तेव्हा असल्या कापणीवर कोणाकोणाचा सारा आणि वसुली अवलंबून होती, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाण्यांवरील कामही याच पंक्तीतले. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने प्राचीन आहत नाण्यांची वजने घेऊन असे ताडले, की नाणे जितके अधिक काळ हातोहाती फिरते तितके ते झिजते, आणि त्याबरोबर वजनांतील परस्परभेदही वाढत जातो; अर्थात सरासरी आणि विस्तार या दोहोंवरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो. एकाच वर्षाची आणि निरनिराळ्या वर्षांची रुपयाची नाणी प्रयोगशाळेतील तराजूत घालून नववीचा वर्ग हा प्रयोग आजही करू शकेल.

परदेशांतील प्रयत्नांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये बालवर्गापासून सांख्यिकी शिकवण्याचा आग्रह धरला. न्यूझीलंडने २००७ मध्ये विषयाचे नावच ‘गणित आणि सांख्यिकी’ असे केले. त्याच देशातील वाइल्ड आणि फॅनकुच यांनी १९९९ मध्ये मांडलेले प्रश्न, योजना, सामग्री, विश्लेषण, निष्कर्ष हे चक्र तेथील वर्गांतून रूढ झाले आहे. आपल्याकडे या पाच पायऱ्यांपैकी चौथी तेवढी शिकवली जाते, आणि तीही निम्मी. तरीपण तेथील सर्व सरंजाम जसाच्या तसा उचलून आणावा असे मला वाटत नाही. संगणकावर आकडे घातले की क्षणात दहा तऱ्हेचे आलेख निघतात हे खरे. पण ज्या मुलाने रकान्यांवरून एकदाही वाद घातलेला नाही त्याच्या हाती ही सोय दिली, तर तो रंगीत आणि निरर्थक आलेख अधिक वेगाने काढू लागेल, आणि असे आलेख शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही कमी दिसत नाहीत. संगणक वर्गीकरणानंतर यावा. शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे: पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, साठ-सत्तरांचा वर्ग, वर्षाच्या शेवटी ढकललेले हे प्रकरण, आणि स्वतःच्या शिक्षणात ज्यांनी सूत्रापलीकडे सांख्यिकी पाहिलेली नाही अशांवर तिचा अर्थ शिकवण्याची जबाबदारी. प्रकरण वर्षाच्या आरंभी, जूनमध्ये घेतले आणि वर्षभर पावसाची व हजेरीची नोंद चालू ठेवली, तर यांपैकी निदान एक अडचण दूर होईल. मृग ते हस्त या नक्षत्रांत पर्जन्यमापकापुढे उभे राहणाऱ्या मुलांना सामग्री ही रोज सकाळी जमवावी लागते हे तरी कळेल.

अखेर परीक्षा जे मागते तेच वर्ग देतो, हे कोणी कितीही नाकारले तरी खरे आहे. म्हणून परीक्षा मंडळाला आणि शाळांतील प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एकच विनंती आहे. आयतालेख किंवा वृत्तालेख काढण्याच्या प्रत्येक प्रश्नात निम्मे गुण तो वाचण्यासाठी राखून ठेवावेत. दोन-तीन वाक्यांत विद्यार्थ्याने आलेखावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही हे लिहावे, आणि कारण दिलेले कोणतेही सयुक्तिक उत्तर ग्राह्य धरावे. निदान एका प्रश्नात कच्ची सामग्री देऊन आलेखाची निवड विद्यार्थ्यावर सोपवावी. यासाठी नव्या पाठ्यपुस्तकांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सहामाही परीक्षेपासून कोणत्याही शाळेला हे करता येईल.